दोन वेगांच्या मेमरीत कोणता डेटा कुठे ठेवायचा, हे कोणी ठरवायचं?

प्रश्न असा आहे: "आमच्या सर्व्हरमध्ये २५६ जीबी डीडीआर-५ मेमरी होती. डेटा वाढला म्हणून ५१२ जीबीची सीएक्सएल मेमरी जोडली. लिनक्सला ती वेगळा न्यूमा नोड म्हणून दिसते. आमची इन-मेमरी की-व्हॅल्यू सेवा आता सगळा डेटा मेमरीत मावून घेते, पण प्रतिसादाचा वेळ वाढला आहे. कर्नलचं टिअरिंग चालू करून सोडून द्यायचं, की कोणता डेटा कुठे राहील हे प्रोग्राममध्येच लिहायचं?"

आधी शब्द. सीएक्सएल मेमरी म्हणजे पीसीआयई जोडणीवरच्या कार्डावर बसणारी, सॉकेटला जोडलेल्या मेमरीपेक्षा मंद मेमरी. न्यूमा नोड म्हणजे कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, वेगळा दिसणारा मेमरीचा एक गट. टिअरिंग म्हणजे वारंवार लागणारा डेटा जलद मेमरीत आणि बाकीचा मंद मेमरीत कर्नलने आपणहून हलवणं. आता थेट उत्तर देतो. जो डेटा जन्माला येतानाच त्याचा स्वभाव तुम्हाला माहीत असतो, त्याची जागा तुम्ही ठरवा. ज्याचा स्वभाव दिवसागणिक बदलतो, तो कर्नलवर सोडा. सोडण्याआधी मात्र कर्नलला काय दिसतं आणि काय दिसत नाही हे नीट समजून घ्या. इंटेलच्या ऑप्टेन मेमरीच्या काळापासून मी ही कामं करतो आहे आणि घोळ जवळपास दर वेळी इथेच झालेला पाहिला आहे.

आकड्यांपासून सुरुवात करू. सॉकेटला जोडलेल्या डीरॅममधून (म्हणजे तुमच्या डीडीआर-५ मधून) एक कॅशलाइन, म्हणजे प्रोसेसर एका वेळी आणतो तो ६४ बाइटचा तुकडा, यायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. सीएक्सएल कार्डावरून तेच यायला २०० ते २५०. म्हणजे एका वाचनामागे फरक १०० ते १५० नॅनोसेकंदांचा; आपण १५० धरू. हा आकडा पुढे सारखा लागणार आहे.

जलद-लहान आणि मंद-मोठी अशा दोन मेमरींची जोडी नवीन नाही. १९६२ साली मँचेस्टरच्या अ‍ॅटलस संगणकात चुंबकीय कोअरची छोटी मेमरी आणि फिरत्या ड्रमची मोठी मेमरी मिळून प्रोग्रामला एकच सलग मेमरी दिसायची. मेमरी पेज नावाच्या सारख्या आकाराच्या तुकड्यांत विभागलेली होती, ५१२ शब्दांचं एक पेज होतं, आणि कोणतं पेज ड्रमवर परत पाठवायचं हे पेजेसच्या वापराच्या वेळांवरून शिकत जाणारा प्रोग्राम ठरवायचा. आपण आज जे करतो त्याचं मूळ तिथे आहे. पण दोन गोष्टी पार बदलल्या आहेत आणि त्या लक्षात न घेता जुने डावपेच लावले की नुकसान होतं.

पहिली गोष्ट: ड्रमवरून पेज आणायला मिलिसेकंद लागायचे. सॉफ्टवेअरने विचार करण्यात घालवलेला वेळ त्यापुढे किरकोळ होता. आज वाचवायचे आहेत १५० नॅनोसेकंद आणि पेज हलवायला लागतात काही मायक्रोसेकंद. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ड्रमवरचं किंवा स्वॅपमधलं, म्हणजे मेमरी अपुरी पडली म्हणून डिस्कवर ठेवलेलं, पेज आत आणल्याशिवाय वापरताच येत नाही. सीएक्सएलवरचं पेज जागच्या जागी वाचता येतं. ते हलवलंच पाहिजे अशी सक्ती नाही. हलवणं हा खर्च आहे आणि तो वसूल होणार असेल तरच करायचा.

वसुलीचा हिशोब करून बघा. ४ केबीचं एक पेज वर आणायचं म्हणजे त्याची मॅपिंग (प्रोग्रामचा पत्ता खऱ्या जागेशी जोडणारी नोंद) काढा, तो प्रोसेस चालवणाऱ्या कोअरना इंटरप्ट पाठवून टीएलबीमधली, म्हणजे अशा नोंदी हाताशी ठेवणाऱ्या प्रोसेसरच्या छोट्या कॅशमधली, जुनी नोंद पुसा, मजकूर कॉपी करा, नवी मॅपिंग घाला. डीरॅम भरलेली असेल तर आधी एक पेज खाली पाठवावं लागतं, म्हणजे हेच पुन्हा एकदा. दोन्ही मिळून ६ मायक्रोसेकंद धरू. ६००० भागिले १५०, म्हणजे ४०. वर आणलेलं पेज पुन्हा खाली जाण्याआधी किमान ४० वेळा वाचलं गेलं, तेसुद्धा कॅश चुकवून थेट मेमरीतून, तर कुठे मुद्दल निघालं. आणखी एक बाजू आहे: टीएलबी पुसताना ज्या धाग्यांचा या पेजशी काही संबंध नव्हता तेही थबकतात. हा खर्च सरासरीत दिसत नाही, ९९व्या शतमानाच्या लेटन्सीत, म्हणजे शंभरातल्या सगळ्यात मंद एका विनंतीला लागणाऱ्या वेळात दिसतो. तुमची तक्रार नेमकी त्याच आकड्याची असेल असा माझा अंदाज आहे.

आता कर्नलला काय दिसतं ते पाहू. ५१२ जीबी म्हणजे ४ केबीची सुमारे १३.४ कोटी पेजेस. त्यातल्या प्रत्येकाचा वापर मोजायला हार्डवेअर फारसं काही देत नाही. पेज टेबलच्या नोंदीत एक अ‍ॅक्सेस बिट असतो. मागच्या वेळी पुसल्यापासून कोणी हात लावला का, एवढंच तो सांगतो. किती वेळा लावला ते सांगत नाही. त्यातही मोठी मेख अशी की डेटा प्रोसेसरच्या कॅशमध्येच बसलेला असला तरी बिट चढतो. सेकंदाला लाखो वेळा वाचला जाणारा एखादा काउंटर कायम एल-१ कॅशमध्ये असतो. त्याचं पेज कोणत्या मेमरीत आहे याने तसूभरही फरक पडत नाही, पण बिट बघणाऱ्याला ते पेज सगळ्यात तापलेलं वाटतं.

कर्नलच्या न्यूमा बॅलन्सिंगचा टिअरिंग मोड, जो ५.१८ या कर्नलपासून आहे, वेगळी युक्ती करतो. मंद मेमरीतल्या काही पेजेसच्या नोंदी तो मुद्दाम बंद करून ठेवतो आणि त्या क्षणाची वेळ टिपतो. प्रोग्रामने त्या पेजला हात लावला की फॉल्ट येतो, म्हणजे त्याचं काम थांबून कर्नल मध्ये पडतो. नोंद बंद केल्यापासून फॉल्ट येईपर्यंत जितका कमी वेळ, तितकं पेज हॉट. युक्ती चांगली आहे, पण मोजमापाची किंमत तुमचाच धागा भरतो, फॉल्ट खाऊन. तिसरा मार्ग हार्डवेअरच्या नमुन्यांचा, म्हणजे प्रोसेसर स्वतःच अधूनमधून एखादं वाचन टिपून ठेवतो त्याचा: इंटेलवर पेब्स आणि एएमडीवर आयबीएस. इथे खरोखर मेमरीपर्यंत गेलेल्या वाचनांचे पत्ते मिळतात. २०२१ मधलं हेमम या टिअरिंग प्रणालीचं काम याच पायावर उभं होतं. तुमच्या प्रश्नाचं निदान करायला मी हाच मार्ग वापरीन, कारण त्यात पत्त्याबरोबर त्या वाचनाला किती वाट पाहावी लागली तेही कळतं.

वाट पाहणं हा माझ्या मते सगळ्या विषयाचा गाभा आहे. किती वेळा स्पर्श झाला यावर जागा ठरवायची नसते. त्या स्पर्शापायी प्रोसेसर किती काळ अडून राहिला यावर ठरवायची असते. तुमच्याच सेवेचं उदाहरण घ्या. एक की शोधायची म्हणजे हॅश टेबलच्या बकेटमध्ये जा, तिथून पहिली नोंद, ती नव्हे म्हणून पुढची, मग पुढची. पुढचा पत्ता आधीच्या नोंदीत लिहिलेला आहे, त्यामुळे आधीची आल्याशिवाय पुढची मागताच येत नाही. अशा चार पायऱ्या सीएक्सएलवर असतील तर ४ गुणिले १५०, म्हणजे ६०० नॅनोसेकंद जास्तीचे, आणि ते पूर्णच्या पूर्ण मोजावे लागतात. आता सापडलेली व्हॅल्यू पाहा. ती ४ केबीची असेल तर ६४ कॅशलाइन वाचायच्या आहेत, म्हणजे स्पर्श सोळापट जास्त. पण त्या ओळीने आहेत. पहिल्या एक-दोन आल्या की प्रीफेचर पुढच्या आधीच मागवून ठेवतो आणि सगळी वाचनं एकमेकांवर चढून होतात. जास्तीचा वेळ साधारण एक-दोन वाचनांइतकाच लागतो. स्पर्श मोजणारा कर्नल व्हॅल्यूंना डीरॅममध्ये बसवेल आणि इंडेक्सला खाली ठेवेल. वाट मोजणारा माणूस बरोबर उलटं करेल.

दुसरी अडचण पेजच्या आकाराची. मॅलॉकला, म्हणजे प्रोग्रामला मेमरी देणाऱ्या फंक्शनला, तुम्ही ६४ बाइटची नोंद मागता, तेव्हा तो ती त्या आकाराच्या इतर तुकड्यांबरोबर एका पेजमध्ये बसवतो, मग ते तुकडे कोणत्याही कामाचे असोत. माळ्यावर दिवाळीच्या भांड्यांच्या खोक्यातच रोजची किसणी ठेवल्यासारखं हे होतं. अख्खं खोकं ओट्यावर आणून ठेवा, नाहीतर किसणीसाठी रोज शिडी लावा. ४ केबीच्या पेजमध्ये ६४ कॅशलाइन असतात. २ एमबीच्या ह्यूज पेजमध्ये ३२,७६८. त्यातली एकच गरम असली तरी २ एमबी डीरॅम अडते. ह्यूज पेजेस टीएलबीसाठी उत्तम, पण मिश्र माल भरलेला असेल तर टिअरिंगच्या मुळावर येतात. कर्नल खोकं उघडून आतली किसणी वेगळी काढू शकत नाही. ते फक्त वस्तू ठेवणाऱ्याच्या हातात आहे, म्हणजे तुमच्या.

एक प्रसंग सांगतो, कारण तुमची लक्षणं त्याच्याशी जुळतात. एका ग्राहकाकडे अशीच सेवा होती. टिअरिंग बंद होतं, सगळं स्थिर होतं, तरी प्रत्येक विनंती सारख्याच प्रमाणात मंद. नेटवर्क झालं, लॉक झाले, दोन दिवस गेले. शेवटी "प्रोस" फोल्डरमधली त्या प्रोसेसची न्यूमा-मॅप्सची फाइल उघडली. तिच्यात प्रत्येक मॅपिंगची एक ओळ असते आणि ओळीत एन-शून्य बरोबर इतकी पेजेस, एन-एक बरोबर इतकी, असं लिहिलेलं असतं. व्हॅल्यूंच्या मॅपिंगपुढे जवळपास सगळी पेजेस शून्य नोडवर. इंडेक्सच्या मॅपिंगपुढे सगळी एक नोडवर. इंडेक्सचा एकही तुकडा डीरॅममध्ये नव्हता.

कारण समजल्यावर सोपं होतं. लिनक्समध्ये पेजला जागा मॅलॉकच्या वेळी मिळत नाही, पहिल्या स्पर्शाला मिळते. सेवा सुरू होताना आधी डिस्कवरच्या स्नॅपशॉटमधून व्हॅल्यू वाचत होती आणि त्यांनी डीरॅम भरून टाकली. मग शेवटी इंडेक्स बांधला जायचा आणि तो उरलेल्या जागेत, म्हणजे सीएक्सएलवर पडायचा. कोणी असं ठरवलं नव्हतं. लोडरच्या कोडमधल्या दोन फंक्शनांच्या क्रमाने ते ठरलं होतं. इंडेक्सचं क्षेत्र सुरुवातीलाच राखून, शून्य नोडवर बांधून, त्याला लगेच स्पर्श करून घेतला. बाकी कोडला हात लावला नाही. तक्रार मिटली.

तुम्हीही तसंच करा. इंडेक्स, एलआरयू याद्यांचे (शेवटच्या वापराच्या क्रमाने लावलेल्या याद्यांचे) दुवे आणि नोंदींची शीर्षकं, म्हणजे ज्यांतून पत्त्यामागून पत्ता शोधत जावं लागतं ते सगळं, एका वेगळ्या अरीनात, म्हणजे मेमरीच्या राखीव क्षेत्रात, घ्या. मॅलॉकचा पर्याय असलेली जेमॅलॉक लायब्ररी वापरत असाल तर वेगळा अरीना करून त्याला मेमरी पुरवणारे हुक स्वतः लिहिता येतात. मेमकाइंड लायब्ररीही याच कामासाठी आहे. की लहान असेल तर नोंदीतच ठेवा, म्हणजे जुळते का बघायला व्हॅल्यूकडे जावं लागणार नाही. व्हॅल्यू दुसऱ्या अरीनात.

इथे एक खाचखळगा आहे, तो मला महागात पडला होता. अरीनाला एम-बाइंड या सिस्टिम कॉलने शून्य नोडवर बांधलं म्हणजे ती पेजेस कायम तिथे राहतील असं नाही. बांधणं लागू होतं ते जागा देताना. डीरॅमची तंगी झाली की पेजेस खालच्या टिअरमध्ये ढकलणारा डिमोशनचा मार्ग, मी वापरलेल्या कर्नलांत, ही पॉलिसी विचारत नाही. म्हणून इंडेक्सच्या अरीनाला एम-लॉक करा, म्हणजे तो मेमरीतून काढायला मनाई करा, किंवा तो सरळ ह्यूज-टीएलबी पेजेसमध्ये घ्या. दोन्हींना रिक्लेम, म्हणजे कर्नलची जागा मोकळी करण्याची यंत्रणा, हात लावत नाही. शिवाय इथे माल एकजिनसी आहे, त्यामुळे ह्यूज पेजचा आधी सांगितलेला तोटा उरत नाही आणि टीएलबीचा फायदा पुरेपूर मिळतो.

व्हॅल्यूंचं काय? आज कोणत्या व्हॅल्यू चालतील हे तुम्हालाही माहीत नाही. सणासुदीला एक, परीक्षेच्या निकालाला दुसऱ्या. इथे कर्नलच योग्य. त्याची घडी आता बरीच बसली आहे. लिनक्स कर्नल ५.१ मध्ये पर्सिस्टंट (वीज गेली तरी टिकणारी) मेमरी साधी रॅम म्हणून जोडता येऊ लागली, ५.१५ मध्ये रिक्लेमच्या वेळी पेज फेकून न देता खाली उतरवणं आलं, ५.१८ मध्ये वर आणणं, आणि ६.१ मध्ये टिअर ही संकल्पना उघडपणे मांडली गेली. मेटाच्या लोकांनी २०२३ मध्ये मांडलेल्या टीपीपी या टिअरिंग पद्धतीतली एक गोष्ट मला फार पटते: जलद मेमरीत थोडी जागा कायम मोकळी राखायची. नवीन पेज बहुधा लगेच वापरलं जातं, त्याला जन्मतःच वर जागा मिळाली तर पुढचं हलवणंच वाचतं.

चालू करण्याआधी टिअर खरोखर दोन आहेत का ते तपासा. सिस्टिमच्या मेमरी-टिअरिंग फोल्डरमध्ये कोणता नोड कोणत्या टिअरमध्ये आहे ते दिसतं. बायोसने कार्ड साधी मेमरी म्हणून मांडलं असेल आणि एचमॅट या बायोसकडून कर्नलला मिळणाऱ्या टेबलात वेगाचे आकडे भरले नसतील, तर कर्नल दोघांना एकाच पंक्तीत बसवतो. मग डिमोशनचा स्विच कितीही वेळा चालू करा, काही खाली जात नाही. आणि सीएक्सएलची मेमरी मूव्हेबल झोनमध्ये ऑनलाइन करा. त्यामुळे पेज टेबलं आणि कर्नलच्या इतर न हलणाऱ्या वस्तू तिथे अडकत नाहीत. हे टाळलं तर पत्ता शोधणंसुद्धा मंद मेमरीतून होऊ लागतं. डीरॅमचा हिशोब करताना एक वजावट धरायला विसरू नका: प्रत्येक ४ केबी पेजमागे कर्नल ६४ बाइटची नोंद ठेवतो. ५१२ जीबीसाठी त्या ८ जीबी होतात, आणि नेहमीच्या मांडणीत त्या तुमच्या २५६ जीबीतून जातात.

मग व्हीएमस्टॅट या कर्नलच्या आकडेवारीतले दोन आकडे दर मिनिटाला टिपा: किती पेजेस वर आली आणि किती खाली गेली. सुरुवातीला दोन्ही पळतील. अर्ध्या-एक तासात ते मंदावले पाहिजेत. काम तेच असताना दोन्ही हातात हात घालून वाढतच राहिले, तर तीच पेजेस खालीवर होत आहेत आणि वर केलेल्या हिशोबातला ४० वाचनांचा आकडा कोणीही गाठत नाही. अशा वेळी ६.१ पासून असलेली वर आणण्याच्या वेगाची मर्यादा सेकंदाला काही एमबीपर्यंत उतरवा. मी तर सुरुवातच कमी मर्यादेने करतो. बरोबर पेज दहा मिनिटं उशिरा वर आलं तर फार बिघडत नाही. चुकीचं पेज दर सेकंदाला वर आलं तर सेवा हैराण होते. कालबाह्य नोंदी शोधत सगळ्या टेबलवरून फिरणारा धागा तुमच्याकडे असेलच. तो प्रत्येक व्हॅल्यूला हात लावतो आणि थंड डेटा तापलेला भासवतो. त्याला मुदतीची वेळ इंडेक्समधल्या नोंदीतूनच वाचू द्या, व्हॅल्यूला स्पर्शच होऊ देऊ नका.

एका बाबतीत मी माझंच वरचं म्हणणं उलटं करतो, ते म्हणजे बँडविड्थ, सेकंदाला किती डेटा वाहू शकतो ती. डीडीआर-५-४८०० च्या आठ चॅनलची कमाल ३०७ जीबी प्रतिसेकंद. पीसीआयई ५.० च्या सोळा लेनच्या कार्डाची एका दिशेने ६४ च्या आसपास. मेमरीवर ताण नसताना डीरॅम नक्कीच जलद. पण चॅनल भरून वाहू लागले की डीरॅमसमोर रांग लागते, तिथली वाट वाढत जाते आणि एका टप्प्यावर "मंद" सीएक्सएल आधी उत्तर देते. २०२४ मधल्या कोलॉइड या टिअरिंगवरच्या कामाने हेच धरलं: सगळं हॉट वर न कोंबता दोन्ही बाजूंची वाट समान होईपर्यंत वाटणी करायची. म्हणजे इथेही मोजायची ती वाटच. याची टोकाची बाजू २०१६ च्या नाइट्स लँडिंग या इंटेलच्या प्रोसेसरमध्ये दिसली होती. त्यातली १६ जीबी एमसीडीरॅम ही प्रोसेसरच्याच पॅकेजमधली मेमरी बँडविड्थमध्ये डीडीआर-४ च्या चौपटीहून जास्त, पण एकेका वाचनाच्या लेटन्सीत तिच्यापेक्षा जराही जलद नव्हती. पत्त्यामागून पत्ता शोधणारा प्रोग्राम त्या "जलद" मेमरीत नेऊन काही मिळायचं नाही.

तुमच्या की-व्हॅल्यू सेवेला हा ताण बहुधा येणार नाही. पण त्याच मशीनवर रात्री अहवालांचं काम चालत असेल आणि ते मोठमोठे अ‍ॅरे सलग वाचत असेल, तर त्याला टिअरिंगमध्ये घेऊच नका. कर्नल ६.९ पासून वजनी इंटरलीव्ह आहे, म्हणजे पेजेस ठरावीक प्रमाणात दोन्ही मेमरींत वाटणं. त्यात डीरॅमला ५ आणि सीएक्सएलला १ असं वजन द्या, म्हणजे दर सहा पेजेसपैकी एक कार्डावर जाईल. ३०७ ला ६४ हे प्रमाण साधारण तेवढंच आहे. दोन्ही मार्ग एकाच वेळी भरून वाहतात आणि पेज हलवण्याचा खर्च शून्य.

कामाचा क्रम मी असा धरीन. टिअरिंग बंद ठेवून आधी न्यूमा-मॅप्सची फाइल बघा आणि इंडेक्स कुठे पडला आहे ते शोधा. तो खाली असेल तर लोडरचा क्रम आणि अरीना दुरुस्त करा, इंडेक्स लॉक करा, आणि ९९व्या शतमानाची लेटन्सी पुन्हा मोजा. त्यानंतरच व्हॅल्यूंसाठी टिअरिंग कमी मर्यादेने सुरू करून आठवडाभर ते दोन आकडे टिपत राहा. आठवड्यात एक तरी रविवार आणि एक तरी गर्दीचा दिवस येऊ द्या, कारण कोणत्या व्हॅल्यू गरम आहेत हे त्या दोन दिवशी सारखं नसतं.